फ्रिज ४ अंश दाखवतो, तरी तिसऱ्या दिवशी दूध नासतं

व्हॅनमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांची ही तक्रार असते. दीडेक महिना आमचीही होती. रात्री झोपताना फ्रिजच्या डिस्प्लेवर ४, सकाळी चहाला थांबलो की पुन्हा ४. आणि तरी परवा आणलेलं दूध तापायला ठेवलं की पातेल्याच्या कडेनं बारीक कण दिसू लागायचे, आणि बघता बघता पाणी वेगळं, चोथा वेगळा. पहिल्या दिवशी कधीच नाही. दुसऱ्या दिवशी क्वचित. तिसऱ्या दिवशी हमखास.

नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: "अगं, चार दाखवतोय की! दूधच शिळं मिळालं असणार." आम्ही दुकानं बदलली, पिशवीऐवजी बाटली घेऊन पाहिली, फ्रिज सोड्याच्या पाण्यानं दोनदा पुसला. ढिम्म फरक नाही. मग एकदा रात्रीची भाजी सकाळी आंबलेली निघाली, दही तोंडात धरवेना, तेव्हा कुठे डोक्यात आलं की दूध बिचारं फक्त सगळ्यांच्या आधी बोंब मारतंय.

रात्री तीन वाजता फ्रिजमध्ये काय चाललंय?

बाकी काही उघडण्याआधी एक छोटी वस्तू मिळवा: सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर, सेन्सरची वायर लांब असलेला. फ्रिजचा स्वतःचा डिस्प्ले त्या क्षणाचा आकडा सांगतो, तुम्ही झोपलेले असताना काय झालं ते तो कधीच सांगणार नाही. सेन्सरचं टोक नुसतं हवेत लोंबकळत ठेवू नका. झाकण उघडलं की आतली हवा लगेच तापते, पदार्थ मात्र तेवढे तापत नाहीत, त्यामुळे आकडा उगाच घाबरवतो. पाणी भरलेल्या लहान बाटलीत टोक बुडवून ती बाटली दुधाच्या शेजारी ठेवा. आता जो आकडा दिसेल तो दुधाचाच समजा.

आमचा पहिल्या रात्रीचा निकाल: सगळ्यात कमी ३, सगळ्यात जास्त १३.

म्हणजे रात्री कधीतरी फ्रिज बंद पडत होता, दूध हळूहळू १३ अंशांपर्यंत चढत होतं, आणि आम्ही बघेपर्यंत पुन्हा खाली येत होतं. आमची सवय अशी की उजाडता उजाडता गाडी काढायची, दोन-तीन तास चालवायची आणि मग चहा-नाश्त्याला थांबायचं. इंजिन सुरू झालं की बॅटरी चार्ज होते, फ्रिजला जोर येतो. नऊ वाजता झाकण उघडणाऱ्या माणसाला सगळं आलबेल दिसतं. रोज रात्री चार-पाच तास ऊब आणि रोज सकाळी पुन्हा गारवा, असे दोन फेरे झाले की तिसऱ्या दिवशी दूध हात टेकतं.

अन्न खराब करणारे आणि पोट बिघडवणारे बहुतेक जंतू ५ ते ६० अंशांच्या मधे वाढतात. मनासारखी ऊब मिळाली तर काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. पुन्हा गार केलं की वाढ मंदावते, पण झालेली वाढ काही परत जात नाही. फ्रिज घड्याळ थांबवत नाही, फक्त हळू करतो.

तार

फ्रिज बंद का पडत होता? आधी बॅटरीवर संशय घेतला. दिवसा मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे शिसे-आम्लाची (लेड-ॲसिड) बॅटरी जवळजवळ भरलेली. बॅटरी निर्दोष ठरली आणि आम्ही आणखी आठ दिवस वाया घालवले. चूक मोजण्याच्या वेळेत होती, आणि जागेतही.

मोजायचं ते रात्री, कंप्रेसर घुरघुरत असताना, आणि दोन ठिकाणी: एकदा बॅटरीच्या टोकांवर, एकदा फ्रिजच्या प्लगपाशी. पहाटे दोनचा गजर लावून टॉर्च तोंडात धरून मी हे केलं. बॅटरीवर १२.१. फ्रिजपाशी ११.१. एक अख्खा व्होल्ट मधल्या तारेत गडप.

आमच्यासारख्या तांब्याच्या बारीक, १ चौरस मिमी तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटरवर असेल तर जाणं-येणं मिळून तार १० मीटर, म्हणजे ०.१७ ओहम. फ्रिजनं ५ अँपिअर ओढले की तारेतच ०.८५ व्होल्ट जातात. उरलेली घट आमच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये होती. ते सॉकेट मुळात सिगारेट पेटवायला केलेलं. त्यातली स्प्रिंगची पकड गाडीच्या धक्क्यांनी ढिली होते. प्लग काढून टोकाला हात लावून बघा, कोमट लागला तर तिथे वीज जळतेय.

आता फ्रिजची बाजू. या फ्रिजांना बॅटरी पूर्ण मरू नये म्हणून एक राखणदार असतो. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो कंप्रेसर बंद करतो, आणि बऱ्यापैकी वर येईपर्यंत पुन्हा चालू करत नाही. बहुतेकांत हाय, मीडियम, लो अशा तीन पायऱ्या असतात. हायवर ठेवलं तर फ्रिज सगळ्यात लवकर माघार घेतो, कारण ती पायरी इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला जपण्यासाठी आहे. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असतात. आमचा फ्रिज पहिल्या दिवसापासून हायवर होता. कोणी बघितलंच नव्हतं. बॅटरीत अर्धी वीज शिल्लक असताना फ्रिजला मात्र वाटत होतं की ती संपली.

सगळे सांगतात, पायरी लोवर टाका, झालं. मी तसं आधी करू नका म्हणेन. तार बारीक असताना नुसती पायरी उतरवली तर फ्रिज चालेल, पण लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली जाईल आणि तिचं आयुष्य झपाट्यानं घटेल. आधी तार बदला. आम्ही ६ चौरस मिमीची जाड तार थेट बॅटरीपासून आणली, बॅटरीच्या धन टोकाजवळच १५ अँपिअरचा फ्यूज टाकला, लायटरचं सॉकेट काढून पक्का लॉकवाला कनेक्टर बसवला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. फ्रिजजवळ लावला तर मधली तार कुठे घासून उघडी पडल्यास तिला वाली कोणी नाही. त्याच ५ मीटरवर आता घट ०.१५ व्होल्टच्या आत आहे. मग पायरी मीडियमवर आणली. इंजिन सुरू करणारी आणि फ्रिज चालवणारी बॅटरी वेगळी नसेल तर हायच राहू द्या, नाहीतर दूध टिकेल आणि गाडी सुरू होणार नाही.

तार बदलल्यानंतरच्या रात्रीचा निकाल: सगळ्यात जास्त ९. १३ वरून ९, म्हणजे अजून काहीतरी होतंच.

ते दिवसाउजेडी समोर दिसत होतं. फ्रिजच्या ज्या बाजूला जाळी असते तिथून कंप्रेसर गरम हवा बाहेर टाकतो. दिवसा ती जाळी मोकळी. रात्री पलंग उघडला की जादाची पांघरुणं आणि बॅगा आम्ही त्याच कोपऱ्यात रचत होतो. फ्रिज रात्रभर गोधडी पांघरून धापा टाकत होता. जाळीसमोर वीतभर जागा मोकळी ठेवली, पांघरुणं पुढच्या सीटवर गेली. कपाटात बंदिस्त बसवलेल्या फ्रिजचंही हेच दुखणं असतं: खाली हवा आत यायला भोक हवं, वर गरम हवा बाहेर जायला भोक हवं. एकच असेल तर तीच गरम हवा आत फिरत राहते.

त्यानंतरच्या रात्री: ६. आणि त्या आठवड्यात दूध पाचव्या दिवशी संपलं, म्हणजे पिऊन संपलं.

एक पोटप्रश्न. "माझा डबा लायटरला लावतो, गार करतो, पण कधीच ४ वर येत नाही." डब्यात कंप्रेसरची घुरघुर ऐकू येत नसेल आणि नुसता छोटा पंखा फिरत असेल तर तो पेल्टिए पद्धतीचा आहे. दोन धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे झाँ पेल्टिएनं १८३४ मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर हे डबे चालतात. ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनीच गार करू शकतात. उन्हात उभी गाडी आतून तासाभरात बाहेरपेक्षा २० अंशांनी तापते. गाडीत ४० असेल तर डब्यात २० च्या खाली फारसं काही होणार नाही, कितीही वेळ चालवा. पेय गार ठेवायला ठीक, दूध-मांसाला नाही. यात बिघाड काहीच नाही, म्हणून दुरुस्तीही नाही.

गरम पातेलं फ्रिजमध्ये

आता फ्रिज ठीक असूनही अन्न खराब होण्याचं कारण, आणि हे शंभर टक्के आपल्या हातचं.

एक किलो पाणी एक अंशानं गार करायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ८० अंशांची लिटरभर डाळ ५ अंशांवर आणायची तर साधारण ३१५ किलोज्यूल. व्हॅनमधला छोटा फ्रिज हे काम करायला दोन-तीन तास घेतो, आणि तोवर शेजारचं दूध त्या वाफेत बसून राहतं. बॅटरीचा फडशा पडतो तो वेगळा. म्हणून गरम पातेलं तसंच आत ढकलायचं नाही. पण "गार होऊ दे" म्हणून ओट्यावर रात्रभर विसरायचंही नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत गार करून आत गेलं पाहिजे; गाडीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर तासाभरात.

दोन तासांत कसं होणार? खोल पातेल्यात नाही होत. मधला गोळा चार तास गरम राहतो. पसरट डब्यात दोन-तीन बोटं उंचीचा थर काढा, डबा थंड पाण्याच्या परातीत टेकवा, मधूनमधून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला. पंधरा-वीस मिनिटांत हात लावता येईल इतकं उतरतं. तेच पाणी नंतर भांडी विसळायला वापरा, व्हॅनमध्ये पाणी फुकट घालवलेलं बघवत नाही.

याहून सोपा उपाय म्हणजे उरवायचंच नाही. घरी आपण अंदाजानं टाकतो, दोन घास जास्त झाले तर झाले. गाडीत मी वाटी ठेवलीय आणि तीच मोजते: दोघांना एका वेळेला एक वाटी तांदूळ. भूक राहिली तर फळ खा. पहिले आठ दिवस कंजूषपणा वाटतो.

भाताबद्दल जरा थांबून सांगते, कारण यात लोक फसतात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते उकळत्या पाण्यात मरत नाहीत. भात शिजून कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष नंतर भात कितीही परतला तरी टिकतं. म्हणजे "सकाळी चांगला खरपूस फोडणीला टाकते, सगळे जंतू मरतील" हा हिशेब इथे चालत नाही. जंतू मरतील, विष राहील. वासही येत नाही. नाकाला कळतो तो नासकेपणा वेगळ्या जंतूंचा असतो, आजारी पाडणारे बहुधा गुपचूप काम करतात. गाडीत शिळा भात मी ठेवतच नाही. घरच्या फ्रिजमध्ये ठेवाल, तिथे रात्री कोणी वीज तोडत नाही.

फ्रिजच नाही, बर्फाची पेटी आहे

"दोन दिवस टिकेल म्हणून बर्फ भरला, संध्याकाळीच पाणी." पेटी भिकार असेलही, पण बहुतेक वेळा बर्फ आपणच खाऊन टाकलेला असतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. वर डाळीचा आकडा आला होता, ३१५. म्हणजे एक लिटर गरम डाळ एका फटक्यात जवळजवळ किलोभर बर्फ संपवते. नुसत्या ३० अंशांच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या गार करायलाही ९००-९५० ग्रॅम बर्फ जातो. पेटीत जे जाईल ते आधीच गार असलं पाहिजे. बर्फाचं काम गार ठेवण्याचं आहे, गार करण्याचं नाही. रिकामी पेटीही आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून ठेवा, नाहीतर पहिला बर्फ पेटीच्या भिंतीच पितात.

चुरा किंवा छोटे तुकडे लवकर वितळतात, कारण त्यांना उघडा पृष्ठभाग जास्त. मोठी लादी टिकते. लादी मिळत नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या पाण्यानं भरून गोठवून घ्या, कुठेतरी कोणाच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवायला मिळतात. काठोकाठ भरू नका, बर्फ होताना पाणी ९ टक्क्यांनी फुगतं आणि बाटली फुटते. बाटल्यांचा मोठा फायदा असा की वितळलेलं पाणी बाटलीतच राहतं. सुटा बर्फ वितळला की तळाशी जे पाणी साचतं त्यात मांसाच्या पिशवीतला थेंब, भाजीची माती, सगळं एकत्र पोहतं. आणि लोणी त्यात डुंबतं. सुटाच बर्फ असेल तर अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबे जाळीवर पाण्याच्या वर. पाणी मात्र लगेच ओतून देऊ नका. बर्फाशेजारचं पाणी शून्याच्या आसपास असतं, त्याच्या जागी गरम हवा शिरली तर उरलेला बर्फ जास्त वेगानं जातो.

बाटल्या वर ठेवा, अन्न खाली. गार हवा जड असते, खाली उतरते. आणि पिण्याच्या पाण्यासाठी दुसरी छोटी पेटी. दिवसात वीस वेळा उघडली जाते ती पाण्यासाठीच.

पेटीबाहेरचं

गाडीतलं कोरडं सामान नासतं ते ओलाव्यानं. मिठाचा दगड होतो, बिस्किटं मऊ, पिठाला कुबट वास, डाळीत जाळी. आम्ही वर्षभर पावसाला दोष दिला. खरा पाऊस शेगडीतून पडत होता. गॅस जळला की पाणी तयार होतं: १०० ग्रॅम गॅसमधून सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे चहाचा मोठा कप भरून. त्यावर पातेल्यातली वाफ. पत्र्याच्या बंद खोलीत हे सगळं रात्री थंड पत्र्यावर दवासारखं साचतं. आमचं पिठाचं कपाट नेमकं बाहेरच्या पत्र्याला टेकून, शेगडीच्या वर होतं. एका पहाटे कपाटाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं तर ओघळ आले.

कपाट आतल्या बाजूला हलवलं, मागे बोटभर फट ठेवली. शिजवताना झाकण कायम, छताची खिडकी उघडी आणि समोरचीही, हवा आरपार जाईल अशी. जमेल तेव्हा दार उघडं टाकून किंवा चक्क बाहेर. हे फक्त पिठासाठी नाही. बंद जागेत ज्योत जळली की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म लावल्याशिवाय गाडीत शेगडी पेटवू नका, आणि ऊब यावी म्हणून तर कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं.

बरण्या लहान घ्या आणि भरलेल्या ठेवा. मोठी बरणी अर्धी रिकामी झाली की दर उघडण्याला ओलसर हवा आत जाते. किडे बहुधा दुकानातूनच अंड्यांच्या रूपात येतात, त्यामुळे पंधरा दिवसांपुरतंच सामान घ्यायचं. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते आणि शेवटचा किलो कचऱ्यात जातो.

कांदे-बटाटे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेत तर घाम येऊन कुजतात. जाळीच्या पिशवीत, अंधारात. बटाट्याला ऊन लागलं की तो हिरवा पडतो आणि त्यात विषारी सोलॅनिन वाढतं. अंडी दुकानात बाहेर ठेवलेली होती तर गाडीतही बाहेर चालतात. एकदा फ्रिजमध्ये गेलेली मात्र फ्रिजमध्येच राहू द्या, बाहेर काढली की टरफलावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. लसूण सोलून तेलात बुडवून बाहेर ठेवायची युक्ती कोणी सांगितली तर हात जोडा. तेलाखाली हवा नसते, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला तेच हवं असतं.

आणि दूध. १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून बंद केलेले छोटे खोके मिळतात, ते न उघडता काही महिने बाहेर राहतात. आम्ही आता २०० मिलीचे घेतो, एक उघडला की एका चहात संपतो. जो प्रश्न सोडवायला दीड महिना आणि एक पहाट घातली, तो निम्मा या खोक्यांनी मिटला असता. नवरा हे अधूनमधून ऐकवतो.

फ्रिज वाचवण्याचा आणखी एक मार्ग शेगडीवरून जातो. डाळ भिजवून कुकरला लावायची. पूर्ण दाब धरलेल्या कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. उंचावर उघड्या पातेल्यात उलटं होतं, दर ३०० मीटरला उकळबिंदू जवळजवळ एक अंश उतरतो, आणि ३००० मीटरवर डाळ ९० अंशांत तासन्‌तास टणक राहते. कुकर पूर्ण दाबाला आला की थोड्या वेळानं गॅस बंद, कुकर ज्योतीपासून दूर, भोवती जाड पांघरूण. अर्ध्या तासात आपसूक शिजते, गॅस निम्मा, वाफही कमी. साधं पातेलं गुंडाळलंत तर दोन गोष्टी सांभाळा: खाण्याआधी पुन्हा एक उकळी काढा, आणि राजमा या पद्धतीनं कधीच शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते मारायला खळखळ उकळावं लागतं. कोमट आचेवर ते तसंच राहतं आणि दाणा मात्र मऊ लागतो.

सकाळी आकडा वर दिसला तर काय टाकायचं

थर्मामीटर आला की रोज हा प्रश्न येतो. माझा नियम: दूध, शिजवलेलं अन्न, मांस-मासे, फोडलेली अंडी दोन तासांहून जास्त वेळ ५ अंशांच्या बरीच वर होती असं वाटलं तर टाकायची, चव घेऊन बघायची नाही. लोणी, कडक चीज, जॅम, अख्खी फळं, न चिरलेल्या भाज्या राहतात. किती वेळ वर होती ते कळत नसेल तर जास्त वेळ होती असं धरायचं. पहिल्या आठवड्यात जीव तुटतो, मग माणूस खरेदीच कमी करायला लागतो.

तार बदलून आता वर्ष झालं. रात्रीचा वरचा आकडा ५-६ च्या मधे असतो. भर उन्हाळ्यात सावली न मिळता गाडी दिवसभर उभी राहिली तर मात्र अजूनही ८ पर्यंत जातो, आणि त्यावर मला अद्याप इलाज सापडलेला नाही. तसा दिवस असेल तर सकाळी खिडक्यांवर चकचकीत पडदे लावते, झाकण दुपारभर उघडत नाही, आणि आदल्या दिवशी ताजं दूध घेतच नाही.